चुन्याची फुली

हे सदर मी दर महिन्याला वाचतो, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. चिंचेखालची बाई, उलटे पाय, बंद खोलीतून येणारा पैंजणांचा आवाज... वाचायचं आणि बायकोला वाचून दाखवायचं. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. 'आता आहे' असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. माझा जन्म खोट्या भिंती उभ्या करण्यात गेला. दिवसा शाळेत ड्रॉइंग मास्तर आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकांचा नेपथ्यकार. राजवाड्याच्या मागे किती बांबू टेकवलेत, चंद्र कोणत्या परातीचा केलाय, हे मला ठाऊक असतं. अशा माणसाला कोण काय घाबरवणार?

तरी लिहितोय. आणि आधीच सांगून ठेवतो, यात माझी बाजू वाईट आहे. समजूत काढणारी पत्रं पाठवू नका, मला त्यांचा राग येतो.

साल १९७३. नागपुरात आमचं एक हौशी नाट्यमंडळ होतं. दिग्दर्शक बापूसाहेब, म्हणजे एका बँकेतले अधिकारी. मुख्य नटी सुमनताई, दोन मुलांची आई, पण स्टेजवर उभी राहिली की भले भले खोकायचे थांबत. नेपथ्य माझं. आणि लाइट दौलत भोयरचा.

हा दौलत मौद्याकडचा. घरी शेती, आणि हा इथे एका कारखान्यात वायरमन. शिक्षण चौथी-पाचवी असेल. त्याच्याकडे मिठाच्या पाण्याचे डिमर होते. हल्लीच्या लोकांना सांगावं लागतं म्हणून सांगतो - चिनी मातीचा जाड पाइप, त्यात मिठाचं पाणी, तळाला एक पत्रा आणि वरून दोरीला टांगलेला दुसरा. वरचा पत्रा जसजसा खाली सोडाल तसतसा दिवा उजळतो. पाण्यात पत्रा उतरताना बारीक चुरचुर होते, भाजी फोडणीला टाकल्यासारखी. जरा चुकलं तर झटका बसतो, म्हणून त्या पाइपांजवळ दौलतशिवाय कोणी जात नसे. तो कागदावर काही लिहायचा नाही. दोरीला गाठी मारायचा. पहिल्या गाठीला इतका उजेड, दुसरीला इतका, तिसरीला पूर्ण. अंधारात बोटांनी गाठी चाचपत तो अख्खं नाटक करायचा.

त्याची आणखी एक पद्धत होती. दिवा एखाद्या जागेवर नेमका लावून झाला की तो कंबरेची तंबाखूची डबी काढायचा, चुन्यात अंगठा बुडवायचा आणि जमिनीवर फुली मारायचा. नटाने त्या फुलीवर उभं राहायचं. एकदा फुली पडली की स्टेजवरचं काही म्हणजे काही हलवायचं नाही, साधा स्टूलसुद्धा. हलवायचंच असेल तर आधी त्याला बोलवायचं. आमच्या मंडळात हा नियम सगळे पाळत.

माझं आणि त्याचं पहिल्यापासून फाटलं. माणूस उद्धट होता, हे मी आजही म्हणेन. त्या वर्षीच्या स्पर्धेच्या नाटकासाठी मी एका घराचा दर्शनी भाग केला होता, गडद निळा, जवळजवळ काळा. डाव्या विंगेला लागून एक उंच दार. शेवटचा प्रवेश त्या दारात. सुमनताई एकट्या उभ्या राहणार, न हलता बोलणार, आणि फक्त चेहऱ्यावर प्रकाश. मी पंधरा दिवस खपून तो रंग जमवला होता. दौलत आला, त्याने रंगावरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा रंग लाइट खाते मास्तर. भिंत बनवली का तवा?"

सगळे हसले. बापूसाहेबही हसले.

मी म्हणालो, "तू दिवे लाव. डिझाइन माझं काम आहे."

"तुमचं डिझाइन दिसलं पायजे नं जी कोनाले? अंधारात कोन पाहून राहिलं तुमची भिंत?"

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलणं सोडलं. पंधरा दिवस! एकाच स्टेजवर, एकाच नाटकाचं काम करणारे दोघे, आणि निरोप सुमनताईंच्या हाती. 'मास्तरांना सांगा, खिडकी उंच झाली.' 'त्याला सांगा, त्याचा दिवा ठेंगणा झाला.' सुमनताई वैतागून गेल्या होत्या. "तुम्ही दोघं बोला नं एकदाचे, माझा काय पोस्टमन केला का?" म्हणायच्या. मला मात्र त्या अबोल्यात एक प्रकारचं समाधान वाटत होतं.

स्पर्धेचा प्रयोग संध्याकाळी सहाला होता, सीताबर्डीजवळच्या एका नाट्यगृहात. दौलतने दुपारपर्यंत सगळे दिवे लावले, दारात चुन्याची फुली मारली आणि भाकर खायला बाहेर गेला. बाकीचे लोक मेकअपच्या खोलीत होते. मी प्रेक्षागृहात जाऊन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून बघत होतो, कुठून काय दिसतं. परीक्षकांच्या जागेवर बसलो आणि घोटाळा लक्षात आला. तिथून विंगेचा पडदा दाराच्या मधोमध येत होता. म्हणजे सुमनताई अर्ध्याच दिसणार.

मी दार दीड हात उजवीकडे सरकवलं.

दौलत बाहेरच होता. हाक मारली असती तर पाच मिनिटांत येऊन त्याने दिवा फिरवला असता. पण हाक मारायची म्हणजे पंधरा दिवसांनी पहिला शब्द मी बोलायचा, आणि तोही माझी चूक दाखवणारा. दिव्याचा झोत पसरट असतो, दीड हाताने काही बिघडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण फुली तर जुन्याच जागी उरली. ती दिसली की तो बोंब मारणार. मी ओल्या फडक्याने फुली पुसली. खिशात शाळेचा खडू होता, तो पाण्यात बुडवला आणि दाराच्या मधोमध नवी फुली काढली. त्याच्यासारखीच, एक पाय लांब आणि एक आखूड. ड्रॉइंग मास्तरला फुलीची नक्कल करायला असा किती वेळ लागतो?

दौलत आला, त्याने दारातली फुली पाहिली आणि आपल्या पाइपांपाशी जाऊन बसला. तो डाव्या विंगेत बसायचा. तिथून ते दार दिसतच नव्हतं. त्याचा सगळा भरवसा फुलीवर आणि गाठींवर.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. स्टेजवर काळोख. चुरचुर ऐकू आली, पहिली गाठ... दुसरी... तिसरी. आणि दीड हात डावीकडे रिकाम्या निळ्या भिंतीवर प्रकाशाचा एक सुंदर गोल उमटला. त्यात कोणीच नव्हतं. सुमनताई फुलीवर उभ्या होत्या, बापूसाहेबांनी हलू नका म्हणून बजावलेलं, त्यामुळे हलल्या नाहीत. आता प्रकाश येईल, मग येईल, अशा आशेवर त्या बोलत राहिल्या. प्रेक्षकांतून पहिल्यांदा एक शिट्टी आली. मग "लाइट! लाइट!" सुरू झालं. सहा महिने ज्यांच्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं ती आठ मिनिटं त्यांनी काळोखात आणि आरडाओरड्यात पूर्ण केली.

पडदा पडल्यावर बापूसाहेब दौलतवर धावूनच गेले. "आंधळा आहे का तू? काहून केलं असं?"

"मी फुलीवरच लाइट मारला जी," दौलत म्हणाला. "चाला, पाहा."

सगळे पाहायला गेले. फुली दाराच्या मधोमध होती आणि दिव्याचा गोल भिंतीवर. त्याचीच साक्ष त्याच्यावर उलटली. त्याने एकदा फुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तेव्हा मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी बोललो. म्हणालो, "फुली तर बरोबर दारातच आहे."

सुमनताई रडत होत्या. "आंधळ्याच्या हाती दिला मी माझा सीन," म्हणाल्या. दौलत खाली वाकला, फुलीवर बोट फिरवलं, बोट धोतराला पुसलं. पाइपातलं पाणी ओतून दिलं, गाठींच्या दोऱ्या गुंडाळल्या आणि गेला. ही गोष्ट आठ दिवसांत नागपूरभर झाली. त्यानंतर त्याला कोणत्याच मंडळाने बोलावलं नाही. पुढे कारखाना सोडून तो गावी गेल्याचं कळलं. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी नवीन नाटक, नवीन सेट. लाइटला श्रीधर नावाचा गृहस्थ, डिप्लोमा केलेला, नव्या मशीनचे डिमर चालवणारा. सेटला मी एक दार केलं होतं, या वेळी चक्क पिवळं. दुपारी चारला तालीम. श्रीधरने दिवा लावला. सगळा सेट उजळला आणि दार तेवढं काळं राहिलं.

म्हणजे सावली पडावी तसं नाही हो. सावलीत माणूस दिसतो. हे काही वेगळंच होतं. दिव्याचा झोत धुळीत स्पष्ट दिसत होता, थेट दारापर्यंत जात होता आणि तिथे संपत होता. दीड हात रुंदीचा काळोख. श्रीधरने दिवा बदलला, वायर बदलली, दोन दिवे लावले. मी दारात जाऊन हात पुढे केला. हाताला दिव्याची ऊब लागत होती, चांगली चटका बसेल इतकी. हात दिसत नव्हता.

आणि ऐकू येत होती ती चुरचुर. मशीनच्या डिमरला पाणी नसतं.

दार काढून टाकलं की प्रकाश नीट पडायचा. दुसऱ्या जागी लावलं की काळोख तिथे. शेवटी दाराऐवजी नुसता पडदा लावून प्रयोग केला. श्रीधर म्हणाला, व्होल्टेजचा प्रॉब्लेम. मीही मान डोलावली. पण पुढच्या पाच वर्षांत मी आणखी तीन नाटकं केली, वेगवेगळ्या मंडळांची, वेगवेगळ्या हॉलमध्ये. तिन्ही वेळा तेच झालं. बाकी कुणी केलेलं दार ठीक, माझं दार काळं. लोक मागून मला 'काळे दारवाले' म्हणू लागले, मग तोंडावर म्हणू लागले. कामं येईनाशी झाली. मी रंगाला दोष दिला, दिव्यांना दिला, श्रीधरला तर नालायक म्हटलं. दौलतचं नाव मात्र मनातही घ्यायचं टाळलं.

शाळेच्या गॅदरिंगने माझी मस्ती उतरवली. नंदनवन तेव्हा नवंच वसत होतं, तिथल्या मोकळ्या मैदानावर कार्यक्रम. सकाळचे दहा, लख्ख ऊन. मुलांच्या नाटुकल्यासाठी मी पुठ्ठ्याचं दार केलं होतं. सातवीतली एक मुलगी त्या दारात येऊन उभी राहिली आणि दिसेनाशी झाली. वर सूर्य, भोवती पिवळंधमक ऊन, आणि चौकटीत काळोख. त्यातून तिचा आवाज येत होता, "सर, मला काही दिसत नाही... सर!" मी धावत जाऊन तिला बाहेर ओढलं. तिचे हात उन्हाने गरम होते. मैदानावर विजेचा एक दिवा नव्हता, तरी माझ्या कानाशी पाण्यात पत्रा उतरत होता.

सूर्याचं व्होल्टेज कमी झालं असं कोणाला सांगू?

दुसऱ्या दिवशी मी मौद्याची बस पकडली.

दौलत शेताच्या कडेला पंपाची मोटर उघडून बसला होता. केस पांढरे झालेले. मला पाहून उठला नाही. त्याची बायको घरातून आली, म्हणाली, "बसा नं जी, पानी आनतो." तो म्हणाला, "बसाले नाही आले ते." ती बिचारी तरी पाणी घेऊन आली.

मी सगळं सांगितलं. दार, ऊन, ती मुलगी. शेवटी म्हणालो, "दौलत, तू काय केलंस ते काढून घे."

तो हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. "म्या? म्या काय केलं? मंतर-जंतर येते का मले? इथं धान पिकवून राहिलो, मोटरी दुरुस्त करून राहिलो. तुमच्या दाराची मले आठवनबी नाही."

"फुली मी हलवली होती," मी म्हणालो. सहा वर्षांत पहिल्यांदा ते शब्द तोंडातून निघाले.

"मले माहीत हाय."

मी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"त्याच दिवशी बोट लावून पाह्यलं. भुरभुर निघालं. खडू होता. मी चुन्याची फुली मारतो मास्तर, चुना वाळला का चिपकते. खडू कोनापाशी राहते खिशात, हे का मले सांगा लागते?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमी सांगान म्हनून वाट पाह्यली." तो पुन्हा मोटरकडे वळला. "आन् म्या सांगतलं असतं तं कोन आयकलं असतं? तुमी मास्तर. मी वायरमन."

मी माफी मागितली. वाकून, हात जोडून. त्याने मान वर केली नाही. "मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं. ज्याइले माहीत नाही त्याइले सांगा. आता जा, बस निघून जाइन."

बसमध्ये मला त्याचाच राग आला. एवढ्या लांब आलो, हात जोडले, आणि हा मोटर खोलत बसला! पुढची दोन वर्षं मी कोणालाही काही सांगितलं नाही. नेपथ्य सोडलं आणि वाटलं, प्रकरण मिटलं.

१९८१ साली बापूसाहेबांनी तेच जुनं नाटक पुन्हा काढलं. सुमनताईंनी हट्ट धरला होता, की तो शेवटचा प्रवेश एकदा तरी लोकांना दिसला पाहिजे, आणि दार तेच हवं. मी नाही म्हणालो, तर स्वतः घरी आल्या. निळं दार मंडळाच्या गोदामात तसंच पडून होतं. मी उभं करून दिलं.

रंगीत तालीम भर दुपारी, त्याच नाट्यगृहात. मी पुन्हा परीक्षकांच्या त्या जागेवर बसलो होतो. श्रीधरने बोर्डावरची कळ वर केली. झोत निघाला आणि दाराशी संपला. सुमनताई आत उभ्या होत्या, पण दिसत नव्हत्या. नुसता आवाज आला.

"पुन्हा?... बापूसाहेब, पुन्हा तेच?"

बापूसाहेब श्रीधरवर ओरडले, "काय करून राहिले तुम्ही? तोही आंधळा, तुम्हीही आंधळे!"

श्रीधरने दौलतसारखीच मान खाली घातली. ते पाहून माझ्याने बसवलं नाही. मी उठलो.

"दौलत आंधळा नव्हता," मी म्हणालो. "दार मी सरकवलं होतं. त्याची फुली पुसून मी खडूने दुसरी काढली. त्याला सांगितलं नाही."

काळोखातून सुमनताईंनी विचारलं, "कधी?"

"स्पर्धेच्या दिवशी. दुपारी."

"आणि आम्ही त्याला बोलत होतो तेव्हा?"

"तेव्हा मी तिथेच होतो. फुली बरोबर आहे असं मीच म्हणालो."

चुरचुर सुरू झाली. या वेळी सगळ्यांना ऐकू गेली, कारण बापूसाहेबांनी दचकून डाव्या विंगेकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. श्रीधर दोन्ही हात वर करून बोर्डापासून मागे सरकला होता. "साहेब, मी हात नाही लावला," तो म्हणत होता.

आधी चौकटीची कड दिसली. प्रकाश तिथे थांबला. मग साडीचा काठ आणि एक हात. पुन्हा थांबला. मला गाठी कळत होत्या. तिसऱ्या गाठीला सुमनताईंचा चेहरा पूर्ण उजळला, आठ वर्षांपूर्वी उजळायला हवा होता तसा. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्याबद्दल इतका तिरस्कार मी कोणाच्याही डोळ्यांत पाहिलेला नाही, आणि तो बाराव्या रांगेतूनसुद्धा स्पष्ट दिसत होता.

"तुम्ही जा इथून," त्या म्हणाल्या.

माझी पिशवी विंगेत होती. ती घ्यायला दारावरून गेलो. सुमनताई माझ्यापासून लांब सरकल्या आणि त्यांच्या पायाखालची फुली दिसली. श्रीधर चिकटपट्टी लावायचा, फुली मारत नसे. एक पाय लांब, एक आखूड. मी बोट लावलं. भुरभुर निघाली नाही, चुना नखाला चिकटला.

त्या आठवड्यात बापूसाहेब स्वतः मौद्याला गेले आणि दौलतला घेऊन आले. तालमीच्या दुपारी तो गावातच होता, चार माणसांसोबत धान मळत होता. हे मी चौकशी करून घेतलंय. तो लाइट करायला तयार झाला, पण एका अटीवर. मास्तर हॉलमध्ये नको. कोणीही त्याला समजावलं नाही. खरं तर कोणालाच मी नको होतो.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी बाहेर चहाच्या टपरीवर उभा होतो. शेवटच्या प्रवेशाची वेळ मला पाठ होती. आठ मिनिटं आत चिडीचूप. मग टाळ्या आल्या, आणि कितीतरी वेळ थांबल्याच नाहीत. नंतर बापूसाहेबांनी दौलतला स्टेजवर बोलावून त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली म्हणतात. बाहेर येणारे लोक दौलतचं नाव घेत होते. माझ्याशी कोणी बोललं नाही.

आता माझं वय झालंय. मनीषनगरात राहतो, घराला जेमतेम एक दार आहे, त्यातून ऊन येतं. काय झालं होतं, ते मला माहीत नाही. श्रीधर आजही व्होल्टेज म्हणतो. दौलतने काही केलं नाही, हे मला पटलंय. मग केलं कोणी? उत्तर असेल तर कळवा, नसेल तर राहू द्या.

इतकी दारं केली मी. त्या निळ्या दाराएवढं चांगलं एकही जमलं नाही. ते पूर्ण उजळलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा मला दाराकडे बघायची सोयच नव्हती.